मुनीम खेळून गेला

चौदा महिने खपून बनवलेला डाव देविदास आडेनं एका रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कट्ट्यावर टाकला आणि हात धुऊन जेवायला बसला.

देविदास पुसदला मोजणीदार होता. सत्तेचाळीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, मितभाषी माणूस. आयुष्यभर लोकांच्या बांधांवरून साखळी, मग यंत्र, मग ड्रोन घेऊन फिरलेला. कॉलेजात नांदेडच्या वसतिगृहात त्याला ‘मुलूख’ या खेळाचं वेड लागलं ते कायमचं. नकाशावर गावं, किल्ले, धान्य, फौजा मांडायच्या आणि पाळीपाळीनं चाली करायच्या, असा तो खेळ. खेळाबरोबर मिळणाऱ्या साधनांनी कुणालाही स्वतःचा नवा डाव रचता यायचा आणि ‘मुलूखकट्टा’ या मराठी खेळाडूंच्या मंडळावर तो सगळ्यांना खुला करता यायचा. कट्ट्यावर चाळीसएक हजार माणसं होती. बहुतेकांच्या डावांत लढाया असायच्या.

देविदासच्या डावात लढाई नव्हती. ‘लमाणांचा तांडा’ असं त्याचं नाव. कोकणच्या किनाऱ्यावरून बाराशे बैलांवर मीठ लादायचं आणि घाट चढून वऱ्हाडापर्यंत न्यायचं. वाटेत दोन फौजा एकमेकींवर चालून येतायत. दोघींनाही तुमचे बैल हवेत, तुमचं धान्य हवंय. तुम्ही लढायचं नाही, फक्त तांडा जगवायचा. देविदासचेच पूर्वज असे फिरलेले. घाटाची चढण त्यानं दोन सुट्ट्या घालवून स्वतः पायांनी मोजली होती आणि नकाशात जशीच्या तशी उतरवली होती.

डावात एकूण बावीस मुक्काम होते, पण देविदासचा सगळा जीव होता नवव्यात. घाटाच्या पायथ्याशी एक विहीर. तिथं तांड्यातली एक म्हातारी सांगते, मला हा चढ झेपायचा नाही. मागून फौज येतेय. तिला सोडून तासाभरात निघालात तर तांडा वाचतो. हे त्यानं कल्पनेनं रचलेलं नव्हतं. त्याचे वडील दर दिवाळीत सांगायचे की आपल्या घराण्यातली एक बाई अशीच विहिरीपाशी शेरभर ज्वारी आणि लोटा देऊन मागे ठेवली होती. आठव्या दिवशी माणसं परत गेली तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. वडील तिथंच थांबायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे. देविदासनं नवव्या मुक्कामावर चार पानांचा मजकूर लिहिला होता, आणि एक पळवाटही ठेवली होती. तिथं थांबून विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्यांशी बोललं, तर बोलता बोलता एक जण दुसऱ्या, सोप्या वाटेची खूण सांगतो. म्हातारी वाचते, तांडाही वाचतो. फक्त थांबायला हवं, आणि ऐकून घ्यायला हवं.

भाकरीचा दुसरा तुकडा मोडतोय तोवर फोन वाजायला लागला. तीनशे बारा जणांनी डाव खेळला होता.

“शालिनी, तीनशे बारा!” देविदास उष्ट्या हातानं फोन वर धरून म्हणाला.

त्याची बायको शालिनी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसायची. ती कधी ‘मुलूख’ खेळली नव्हती. पण चौदा महिने या माणसाला भिंतीकडे बघून बैलांची नावं ठरवताना तिनं पाहिलं होतं. तिला बरं वाटलं.

“बालाजीभाऊजींनी पाहिला का?”

बालाजी मुखेडकर देविदासचा वसतिगृहातला खोलीमित्र. आता पुण्यात होता आणि कट्ट्याचा एक व्यवस्थापक होता. त्याचा अभिप्राय आलाच होता, चांगला दीड पानी. देविदासनं तो मोठ्यानं वाचला. ‘नवव्या मुक्कामावर माझा हात थबकला. देव्या, तू आपल्या मातीतलं दुःख पटावर मांडलंस...’

शालिनीनं ताटात वरण वाढलं. “हा डाव पुरा व्हायला किती वेळ लागतो म्हणाले होते तुम्ही?”

“तीस-बत्तीस तास. सावकाश खेळलं तर चाळीस.”

“आणि टाकला कधी?”

“आत्ता. बारा दहाला.”

“मग भाऊजींनी एकोणीस मिनिटांत कसा संपवला?”

देविदासचा घास हातातच राहिला.

*

मुनीम म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी, २०४० साली, तो खेळात आला तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलं होतं.

तुम्ही दोनशे तास खेळलात की मुनीम तयार व्हायचा. या दोनशे तासांत यंत्र फक्त तुमच्या चाली टिपत नसे. चाल करण्याआधी तुमची नजर नकाशावर कुठं कुठं गेली, बोट कुठं अडखळलं, कुठली चाल करता करता मागे घेतली, हे सगळं ते साठवायचं. या खुणांवरून तुमच्या निर्णयांचा एक लहानसा ठसा तयार होई: अमुक परिस्थिती समोर आली तर हा माणूस बहुधा काय करील. मग हा ठसाच तुमच्या जागी खेळायला बसायचा. त्याला चित्रं लागत नाहीत, आवाज लागत नाही, विश्रांती लागत नाही. तीस तासांचा डाव तो चार मिनिटांत उरकायचा. कंपनीनं चाचण्या घेतल्या होत्या. शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा मुनीम तीच चाल करतो जी मालकानं केली असती.

पुढचं पाऊल त्याहून चलाखीचं होतं. मुनीम खेळून झाला की तुम्हाला पाच मिनिटांचा सारांश द्यायचा, तुमच्या भाषेत अभिप्राय लिहायचा आणि शेवटी एक आकडा सांगायचा. आनंदांक. हा डाव तुम्ही स्वतः खेळला असता तर तुम्हाला किती आवडला असता, दहापैकी.

देविदासला वाटायचं, लोक मुनीम वापरत असतील ते नेहमीच्या, घासून गुळगुळीत झालेल्या लढायांसाठी. जसं रोजचा हिशोब माणूस यंत्रावर टाकतो. नव्याकोऱ्या डावालाही कुणी मुनीमच पाठवील, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. गेले चौदा महिने तो दुसऱ्या कुणाचा डाव खेळलाच नव्हता. खाली मान घालून आपलाच रचत बसला होता. तेवढ्या वेळात कट्टा बदलून गेला होता.

त्यानं बालाजीला फोन लावला.

“बोल लेका!” बालाजी खुशीत होता. “पहिल्या तासात चारशे! कट्ट्यावर असा प्रतिसाद दोन वर्षांत कुणाला मिळाला नाही.”

“बाल्या, तू खेळलास का?”

“म्हणजे काय. अभिप्राय नाही वाचला?”

“तू खेळलास, का मुनीम?”

बालाजी हसला. “अरे, मुनीम म्हणजे मीच ना. एकवीसशे तासांचा ठसा आहे माझा. सारांश पाहिला मी, सुंदर आहे. आनंदांक आठ पॉइंट सात! मला गेल्या वर्षभरात कुठल्याच डावाला आठाच्या वर गेलेला आठवत नाही.”

“म्हणजे तुला आवडला नाही. आवडला असता.”

“फरक काय पडतो?”

“तुझा हात थबकला असं लिहिलंयस.”

“थबकला असताच! मुनीम तिथं चार सेकंद थांबला, त्याच्या मानानं ते फार झालं.” बालाजीचा आवाज समजुतीचा झाला. “हे बघ देव्या, माझ्याकडे रोज चाळीस नवे डाव येतात. नोकरी आहे, आईचं डायलिसिस आहे. मी हातानं खेळायचं म्हटलं तर वर्षाला तीन डाव होतील. मुनिमामुळे मी तुझा डाव पाहिला तरी.”

बालाजीच्या आईचं ऐकून रागवायचीही सोय उरली नाही. त्यानं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत आकडा दोन हजारांवर गेला आणि दर वाढत्या आकड्याबरोबर त्याचं डोकं तापत गेलं.

*

महिन्याभरात ‘लमाणांचा तांडा’ अकरा हजार दोनशे वेळा खेळला गेला. कट्ट्याच्या पहिल्या पानावर त्याचं चित्र झळकलं. अभिप्राय अडीच हजार. ‘ओघवता’, ‘काळजाला भिडणारा’, ‘वेगळ्या वाटेचा’. देविदास एकेक उघडून वाचायचा आणि चिडून बंद करायचा.

डाव रचणाऱ्याला प्रत्येक खेळाची नोंद पाहता येत असे: कुठल्या मुक्कामावर किती वेळ, कुठला मजकूर उघडला, कुठली चाल. देविदास ऑफिसातून आला की त्या नोंदी काढून बसू लागला. नवव्या मुक्कामावरचा चार पानांचा मजकूर किती जणांनी उघडला? त्यानं पाहिलेल्या नोंदींत शून्य. मुनीम मजकूर उघडत नसत. त्यांना त्यातले आकडे थेट मिळत. विहिरीवर थांबून कुणाशी बोललं? कुणीच नाही. थांबल्यानं गुण कमी होत. अकरा हजारांपैकी एकानंही म्हातारीला वाचवलं नव्हतं.

“असं रोज बघून काय होणार आहे?” शालिनी एकदा म्हणाली. “लोक नाही खेळत तर नाही. तुम्ही बनवला, तुम्हाला आनंद झाला.”

“मला आनंद झाला नाही. मी काम केलं. आनंद दुसऱ्यानं खेळल्यावर होणार होता.”

“मग एखादा माणूस शोधा ना. अकरा हजारांत एक तरी असेल.”

हे मात्र त्याला पटलं. माणूस ओळखायचा कसा? जिंकणारे, हुशार, वेगवान खेळ बघण्यात अर्थ नव्हता. त्यानं यादी उलटी केली. एका तासाहून जास्त चाललेले खेळ वर आणले आणि त्यातून हरलेले वेगळे काढले.

सात निघाले. सहा जण पहिल्या दोन मुक्कामांतच सोडून गेलेले. सातवा खेळ पाच दिवस चालला होता. नाव: सुलभा शिरोडा. पहिल्या मुक्कामावर तिनं बैल समुद्रात घातले होते. तिसऱ्यावर सगळं धान्य एकाच दिवशी वाटून टाकलं होतं. मजकुराचं पानन् पान उघडलेलं. आणि नवव्या मुक्कामावर ती सतरा वेळा ‘मुक्काम’ करून थांबली होती. सतरा वेळा! फौज येऊन तांडा लुटून गेली तरी ती विहिरीवरच होती.

देविदासनं ती नोंद चारदा वाचली. मग शालिनीला हाक मारून दाखवली. “थांबली ही बाई. म्हातारीसाठी थांबली.”

कट्ट्यावरून निरोप पाठवला तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईचाच फोन आला. आवाज खणखणीत.

“आडे तुम्हीच काय? तो मिठाचा खेळ तुम्ही केला?”

“हो. नमस्कार. मी तुमचा खेळ पाहिला. नवव्या मुक्कामावर तुम्ही जे थांबलात...”

“थांबतंय कसली! पुढे जायचं बटण खंय ता सापडलाच नाय माका. किती बारीक अक्षरं ती! माझं वय चौसष्ट, मोतीबिंदू झालेला आहे.”

देविदासनं डोळे मिटून घेतले.

“पण मग सापडलं,” बाई पुढे म्हणाल्या. “नातीनं दाखवलं. तोवर मी ती चारही पानं वाचली होती. म्हटलं आता काय ते बटण दाबायचं नाय. लुटून न्या म्हटलं.”

त्याला भीती वाटली की बोललो तर हे वाक्य विरून जाईल.

“पण ऐका, तुमचा खेळ साफ चुकीचा आहे.”

“काय चुकलं?”

“तुम्ही मीठ आषाढात लादलंत. मी शिरोड्याची. आमची आगरं होती, माझे सासरे मिठातच काम करत. आषाढात मिठागर पाण्याखाली असतं हो! मीठ पडतं उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखात वाफ्यांत मीठ धरतं, तेव्हाच गोणी भरायच्या. पावसात बैलावर मीठ लादलं तर घाटावर पोचेपर्यंत बैलाच्या पाठीवर नुसतं पाणी राहील. तुमचे लमाण काय वेडे होते?”

डाव अवघड व्हावा म्हणून त्यानं मुसळधार पाऊस ठेवला होता. चिखल, पूर, निसरडी वाट. चढण त्यानं वितीवितीनं मोजली होती आणि मीठ विरघळतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. अकरा हजार मुनिमांच्याही आलं नव्हतं. कारण त्यांच्या लेखी मीठ म्हणजे एक आकडा, आणि आकडा भिजत नाही.

“मी दुरुस्त करतो,” तो म्हणाला.

“करा. अक्षरंही मोठी करा. मग मी परत खेळेन. या खेपेला बैल समुद्रात नाय घालायची.”

*

त्यानं तीन आठवड्यांतले सगळे सुट्टीचे दिवस त्यावरच घालवले. आषाढाचा वैशाख केला. पाऊस गेला तसे चिखल आणि पूरही गेले, आणि डावाचा सगळा तोलच बदलला. आता वैर होतं उन्हाशी. बाराशे बैलांना पाणी कुठं पाजायचं हाच प्रश्न झाला, आणि घाटाखालची ती विहीर, जी पावसात नुसती नकाशावरची खूण होती, ती सगळ्या वाटेचं वर्म झाली. डाव पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला होता. देविदासला आपलाच राग आला, की हे आपल्याला आधी सुचलं नाही.

नवी प्रत कट्ट्यावर चढवायला गेला तर कट्ट्यानं ती अडवली. बालाजीचाच फोन.

“देव्या, असं नाही करता येत. अकरा हजार जणांचे क्रमांक लागलेत त्या डावावर. तू महिना बदललास तर सगळे रद्द होतील. लोक बोंबा मारतील.”

“कुठले लोक? मुनिमांचे क्रमांक आहेत ते.”

“मालकांच्या नावावर आहेत.”

“बाल्या, पावसात मीठ वाहून नेत नाहीत!”

“कुणाला फरक पडतो? डाव संतुलित आहे. शंभरातले बासष्ट जिंकतात, अडतीस हरतात. इतका नेमका डाव कट्ट्यावर नाही. तू तो बिघडवतोयस.”

“मग मी तो काढून घेतो. नवा टाकतो, फक्त हातखेळासाठी.”

हातखेळ ही एक जुनी खूण होती. ती लावली की यंत्र बोटांचा आणि नजरेचा ताल तपासायचं आणि मुनिमाला आत येऊ द्यायचं नाही. पण तसे डाव मुख्य यादीत येत नसत. कुणी मुद्दाम शोधले तरच सापडायचे.

“वेडा झालास का? अकरा हजारांवरून अकरावर येशील.”

“अकरा माणसं तर असतील.”

बालाजी चिडला. इतक्या वर्षांत देविदासनं त्याला असं चिडलेलं क्वचितच ऐकलं होतं. “तुझं म्हणणं काय आहे नेमकं? मी खोटा? माझा अभिप्राय खोटा? तू मला वसतिगृहापासून ओळखतोस. माझा मुनीम जे करतो तेच मी करतो, एवढं तरी मानशील?”

“नाही मानत.”

“मग लाव पैज. हातखेळाची खूण लावण्याआधी नवा डाव माझा मुनीम खेळेल. त्याची नोंद बंद करून तुझ्याकडे देतो. मग मी हातानं खेळतो, सगळे तीस तास. आणि मग दोन्ही ताडून बघ.”

देविदास आनंदानं कबूल झाला. त्याची खात्री होती. बालाजी, जो वसतिगृहात मांजरीच्या पिल्लासाठी परीक्षेचा पेपर सोडून आला होता, तो नवव्या मुक्कामावर त्या म्हातारीला सोडून जाणार नाही.

बालाजी पाच आठवडे खेळला, सुट्टीच्या सकाळी आणि दवाखान्यात आईचं डायलिसिस चालू असताना बाकावर बसून. मधूनमधून निरोप यायचे. ‘तिसऱ्या मुक्कामाला बैलांचं काय करायचं सुचेना.’ ‘हे कसलं ऊन ठेवलंयस रे.’ देविदास काही सांगायचा नाही, फक्त वाट पाहायचा. शेवटच्या शनिवारी बालाजीचा डाव पुरा झाला आणि देविदासनं शालिनीच्या समोर मुनिमाची बंद नोंद उघडली.

एकूण मोठे निर्णय त्रेचाळीस. त्यांतले एक्केचाळीस जसेच्या तसे. दोन फुटकळ चाली वेगळ्या. नवव्या मुक्कामावर मुनिमानं म्हातारीला सोडलं होतं. नवव्या मुक्कामावर बालाजीनंही म्हातारीला सोडलं होतं. मजकूर उघडला होता, चारही पानं वाचली होती, आणि मग सोडलं होतं.

देविदास पडद्याकडे बघत राहिला. शालिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही, पण त्याच्या लक्षातही आला नाही.

बालाजीचा निरोप आला: ‘पटलं?’

देविदासनं फोन पालथा ठेवला. यंत्रानं सांगितलं होतं तेच माणसानं केलं होतं. चौदा महिने, पायी मोजलेला घाट, वडिलांची ती गोष्ट, सगळं खर्ची घालून माणसाच्या हातून जे झालं ते ठसा चार मिनिटांत करून मोकळा झाला होता. मग खेळायचं कशाला? रचायचं तरी कशाला? कट्ट्यावर चढवलेली हातखेळाची प्रत त्यानं तशीच राहू दिली. त्या आठवड्यात ती नऊ जणांनी उघडली. पुढे काय झालं ते त्यानं पाहिलंच नाही. कार्यालयात तो कारकुनांवर ओरडला, ड्रोन चालवणाऱ्यावर ओरडला, आणि घरी आला की गप्प बसायचा.

“एका माणसानं तुमच्या मनासारखं केलं नाही म्हणून एवढं?” शालिनी म्हणाली.

“त्यानं केलं नाही म्हणून नाही. मुनिमाला आधीच माहीत होतं म्हणून.”

*

बारा दिवसांनी, गुरुवारी सकाळी, देविदास उमरखेडच्या रस्त्याला एका शेताची हद्द मोजत होता. दोन्ही बाजूंचे शेतकरी एकमेकांशी न बोलता उभे होते. फोन वाजला. बालाजी. देविदासनं तो एकदा कापला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो बांधावरून थोडा दूर गेला.

“बोल. जिंकलास, आता काय पाहिजे?”

“देव्या,” बालाजीचा आवाज वेगळाच होता. “तिचं नाव काय होतं रे?”

“कुणाचं?”

“विहिरीवरच्या म्हातारीचं.”

देविदासला काही कळेना. “डावातल्या?”

“हो. मी काल दवाखान्यात आईला आणायला गेलो होतो. व्हीलचेअर नव्हती, लिफ्ट बंद. आई म्हणाली, तू जा गाडी काढ, मी बसते इथं. मी दोन पावलं गेलो आणि...” तो थांबला. “बारा दिवस झाले, ती बाई डोक्यातून जात नाही. मी तिला सोडलं, कारण तेच बरोबर होतं, बाराशे बैल आणि तीनशे माणसं होती माझ्यामागं. बरोबरच होतं ना? पण मी पुढच्या मुक्कामाला गेलो तरी मागे बघत होतो. शेवटपर्यंत. जिंकलो तेव्हासुद्धा.”

देविदास उन्हात उभा होता. दूर ड्रोन घरघरत होता.

“आणि मुनीम?”

“त्याच्याकडे गेलो ना काल. विचारलं, विहिरीवरच्या बाईचं काय झालं? तो म्हणाला, कोणती बाई? त्या दिवसापासून आणखी तीनशे डाव खेळून झालेत त्याचे. नोंद काढून दाखवली मग. मुक्काम नऊ, वृद्ध स्त्री, सोडली, गुण अधिक बारा.” बालाजीनं श्वास घेतला. “चाल तीच होती रे. पण त्याला काहीच झालं नाही. मला झालं. म्हणून विचारतो, नाव काय तिचं? मजकुरात कुठं नाही. चारदा शोधलं.”

नाव नव्हतं. त्यानं तांडानायकाला नाव दिलं होतं, सरदारांना दिली होती, पुढच्या रांगेतल्या दहाही बैलांना दिली होती. ज्या बाईसाठी हा सगळा डाव रचला तिला त्यानं ‘वृद्ध स्त्री’ म्हटलं होतं. वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला. “ठेवू नको फोन. माझ्या आत्याला विचारतो.”

त्याची आत्या सकुबाई दिग्रसला असायची. ब्याऐंशी वर्षांची. वडिलांच्या पिढीतलं तेवढंच माणूस उरलं होतं. देविदासनं तिलाही फोनवर घेतलं.

“आत्या, बाबा ती विहिरीवरची गोष्ट सांगायचे ना, तांड्यानं सोडलेली बाई. तिचं नाव काय?”

“आता कशाला पाहिजे?” आत्या खेकसली. “मी भाजी निवडतेय.”

“सांग ना. काम आहे.”

“नाव कुणाला माहीत? सगळे याडीच म्हणायचे. म्हणजे आईच. माझी आजीही याडीच म्हणायची तिला. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.”

“काहीच माहीत नाही तिच्याबद्दल?”

आत्यानं थोडा विचार केला. भाजीचे देठ मोडल्याचा आवाज येत होता. “शिव्या फार द्यायची म्हणे. ठेवून निघाले तेव्हा रडली-बिडली नाही. तांडा घाट चढून वर गेला तरी खालून तिच्या शिव्या ऐकू येत होत्या. तुझा बाप ते सांगायचा नाही. त्याला वाईट वाटायचं.”

आत्यानं फोन ठेवला. बालाजी ऐकत होता. मागून एका शेतकऱ्यानं हाक मारली, “साहेब, ऊन व्हायलं, खुणा करता का नाही?”

देविदासनं हातानं त्याला थांबण्याची खूण केली.

“नाव नाही सापडलं,” तो बालाजीला म्हणाला. “याडी लिहितो. आणि शिव्या घालतो मजकुरात. घाट चढून होईपर्यंत ऐकू येतील अशा.”

“लिही,” बालाजी म्हणाला. “मी परत पहिल्यापासून सुरू करतो. या खेपेला थांबून बघतो तिथं. किती थांबायला लागतं?”

“ते नाही सांगणार.”

“हरामखोरा,” बालाजी म्हणाला.

देविदास बांधाकडे परत वळला. दोघा शेतकऱ्यांपैकी एक जण सावलीला बसला होता, दुसरा त्याच्याकडे पाठ करून उभा. देविदासनं यंत्र उचललं आणि दोघांनाही त्यांची नावं विचारली.